चारशेची रेषा

माझ्या अंगावर शंभर रेषा आहेत. पहिली दहा मिलिलीटरची, शेवटची हजाराची. त्यांतल्या अकरा पुसट झाल्या आहेत, पण शेजारच्या रेषांवरून त्या ओळखता येतात. काठाचा एक टवका उडाला आहे. बैठकीला सहा कोपरे होते, आता पाच उरले आहेत. मित्रांनो, मी काचेचे एक जुने मोजपात्र आहे. हे भारदस्त नाव पाठ्यपुस्तकातले. जिथे मी आयुष्य काढले, तिथे सगळे मला नुसते सिलिंडर म्हणत.

भट्टीत तापवलेल्या काचेच्या नळीपासून मला घडवले. कोणीतरी माझ्यात मोजून पाणी ओतले, कोणीतरी रेषा आखल्या, आणि भुशाच्या खोक्यात घालून मला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत पाठवले. विहिरी, टाक्या, नळ, जिथून तिथून बाटल्या यायच्या. सोळा वर्षे मी तिथे एकाच बाईच्या हातात होते. ती तिथली तंत्रज्ञ. शिकायला आलेली मुले मला टेबलावर ठेवून उभ्याउभ्याच आकडा वाचायची. मग मागून तिचा आवाज यायचा, "वाका." काचेतल्या पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो. डोळा त्या खोलगट भागाच्या अगदी समोर आणला, तरच खरा आकडा दिसतो. वरून पाहिले की आकडा फुगतो. दिवसातून वीस वेळा तेच सांगणाऱ्या या बाईचे नाव मुलांनी वाकाताई पाडले होते. एकदा फळीखालून उठताना तिचेच डोके आपटले, तर एका मुलीने हळूच "ताई, वाका" म्हटले. सगळ्यांत जास्त तीच हसली.

एके वर्षी मोठ्या साहेबांनी माझ्यातले पाणी वजन करून तपासले. हजारात फक्त दोनाचा फरक निघाला. "जुनं आहे, पण खरं बोलतं," ते म्हणाले. माझे कौतुक झाले ते एवढेच, पण मला ते पुष्कळ दिवस पुरले.

वाकाताईचे मात्र घोडे पदवीपाशी अडले होते. ती बी.एस्सी. होती आणि वरच्या जागेसाठी एम.एस्सी. लागायची. एक्केचाळिसाव्या वर्षी तिने नोकरी सांभाळून नाव घातले. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारले, आता पदवी घेऊन निवडणूक लढवणार का. तीही म्हणाली की हो, पण तुमचे मत मागणार नाही.

पहिल्याच वर्षी परीक्षेच्या तोंडावर तिचे पाय सुजले. बावीस दिवस दवाखान्यात गेले, परीक्षा हुकली. दोन्ही मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत आहेत असे निदान झाले. पुढच्या वर्षी तिने परीक्षा दिली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आजारी पडली. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली आणि तिसऱ्यांदा मिळणार नाही असे लेखी कळवले. आता फक्त प्रकल्प राहिला होता. अकरा विहिरींचे पाणी, बारा आठवडे, दर सोमवारी आणायचे आणि त्यातले नायट्रेट मोजायचे. एक सोमवार चुकला की मालिका तुटली, आणि पदवी गेली.

त्याच सुमारास धुताना माझ्या काठाचा टवका उडाला. आमच्याकडे टवका गेलेली काच वापरायची नाही, असा नियम. रजिस्टरमध्ये माझ्यापुढे लाल शाईने 'बाद' लिहिले गेले आणि ती मला रीतसर सही करून घरी घेऊन आली. तिथे मला बाथरूमच्या फळीवर जागा मिळाली.

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी तिथे तिची लघवी मोजत असे. चोवीस तासांची एका डब्यात साठवायची, सकाळी माझ्यात ओतायची, आकडा वहीत लिहायचा. त्यावरून ती दिवसाला किती पाणी पिऊ शकते ते ठरायचे. डॉक्टरांनी एक रेषा आखून दिली होती. चारशेच्या खाली गेले, की वही लिहीत न बसता थेट भरती व्हायचे आणि डायलिसिस सुरू करायचे.

रोज सकाळी ती ओल्या फरशीवर गुडघे टेकायची आणि माझ्यासमोर डोळा आणायची. पाचशे वीस. चारशे ऐंशी. चारशे दहा. नवव्या सोमवारनंतरच्या गुरुवारी आकडा तीनशे नव्वद होता. तिने पुन्हा एकदा वाकून वाचले. मग उठून उभी राहिली, माझ्यावरून खाली पाहिले, आणि वहीत चारशे पन्नास लिहिले.

त्यानंतर रोज ती मला दोनदा वाचू लागली. एकदा वाकून, एकदा उभ्याने. लिहायची ते उभ्याने वाचलेले. पाणी मात्र ती खऱ्या आकड्याच्या हिशोबानेच पीत होती, आणि तेवढ्याने निभावेल असे तिला वाटत होते. खरा आकडा खाली उतरत गेला, तशी ती मान आणखी पुढे काढू लागली. चपलेचा पट्टा एक भोक सैल झाला, मग दुसरे.

तिचा नवरा वायरमन. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तो बाथरूमच्या दाराशी बटणाचा बोर्ड उघडून बसला होता. त्याने तिला वाकताना पाहिले, उठताना पाहिले, लिहिताना पाहिले. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून तो आत आला आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"तीनशे चाळीस," तो म्हणाला. "तू काय लिहिलंस?"

वहीत चारशे वीस होते.

"दोन सोमवार राहिलेत," ती म्हणाली. "दोनच. आता भरती झाले की संपलं सगळं."

"अगं, पाय बघ तुझे."

"बघितलेत. तुम्ही नका बघू."

त्याने वही उचलली. पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. "शेवटच्या सोमवारनंतर मंगळवारी मी तुला उचलून नेईन," एवढेच तो म्हणाला.

पण मंगळवार उजाडायच्या आधीच सगळे घडले. बाराव्या सोमवारी तिने अकराही बाटल्या आणल्या, अकराव्या पाण्याचा आकडा लिहिला आणि तिथेच टेबलाशी तिला श्वास लागला. फुप्फुसांत पाणी साठले होते. दवाखान्यात सांगितले की हृदयावर ताण आला आहे आणि तो पुरता भरून येणार नाही. दोन आठवडे आधी आणले असते तर तो टळला असता.

हे आणि पुढचे मला नवऱ्याच्या बोलण्यातून कळले. तो बाथरूमच्या दाराशी उभा राहून फोनवर आपल्या बहिणीला सांगत होता. आठव्या दिवशी वाकाताईने वही मागवून घेतली होती. शेवटच्या एकोणीस खोट्या आकड्यांपुढे तिने आठवून एकोणीस खरे आकडे लाल शाईने लिहिले आणि वही डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी पाने चाळली आणि विचारले, "तुम्ही काम काय करता?"

"पाणी मोजते," ती म्हणाली.

तीन आठवडे मी कोपऱ्यात पडून होते. तळाशी पांढरा थर जमला. ती परतली, तेव्हा आधी तिने मला घासले. मग आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस. सुईचा हात हलवायचा नसे, म्हणून तिने दुसऱ्या हाताने चौऱ्याऐंशी पानांचा प्रबंध लिहिला. वरची जागा तोवर तिच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीला मिळाली होती. वाकाताईने तिला फोन करून जुनी रजिस्टरे कोणत्या कपाटात आहेत ते सांगितले.

मित्रांनो, मला राग नाही. मला वरून वाचणारी मुले मी शेकड्यांनी पाहिली. पण ज्याला खरा आकडा माहीत असतो आणि तरीही जो उभा राहतो, त्याला फार भीती वाटत असते. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर त्याच्या वहीवर विसंबू नका. त्याच्या शेजारी खाली बसा, आणि आकडा दोघांनी मिळून वाचा. जमले तर पहिल्याच गुरुवारी.

निकाल लागला त्या दिवशीच्या वहीच्या पानावर दोन ओळी आहेत.

एम.एस्सी.: प्रथम श्रेणी.

मागील चोवीस तास: साठ मिलिलीटर.