तांबड्या ठिपक्याचा पेला

मित्रांनो, आधी माझ्या बुडाजवळचा तांबडा ठिपका बघा. बघितलात? आता सांगतो. मी पूर्णा स्टेशनाबाहेरच्या चहाच्या गाडीवरचा एक जुना काचेचा पेला आहे. माझ्या काठाची कपची उडालेली आहे आणि आतून मी थोडा धुरकट झालो आहे. आयुष्यात मला जेवढे धक्के बसले, तेवढ्यांनी एखाद्या दगडालाही तडा गेला असता. मी तर काच. मी कसा टिकलो, याचं मलाच नवल वाटतं.

माझा जन्म दूरच्या एका भट्टीत झाला. गवतात गुंडाळून, रेल्वेच्या डब्यात हिंदकळत मी पूर्णेला आलो. चंद्रभान नावाच्या चहावाल्यानं आम्हा चाळीस पेल्यांना विकत घेतलं, धुतलं आणि फळीवर ओळीनं मांडलं. मग त्यानं आमच्यातले दोघे उचलले, मी आणि माझ्या शेजारचा. गाडीला द्यायच्या तांबड्या रंगात त्यानं काडी बुडवली आणि आम्हा दोघांना एकेक ठिपका लावला.

आम्ही किती फुशारलो म्हणून सांगू! चाळिसांतून दोघांनाच कुंकू लागलं, म्हणजे आम्ही नक्की मानाचे. मग चंद्रभाननं आम्हाला फळीवरून काढलं आणि मागच्या भिंतीच्या खोबणीत, ऊन-पावसात ठेवून दिलं. तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला आश्रुबा आल्यावर. आश्रुबा रेल्वेत लॅम्पमन होता. सिग्नलच्या उंच खांबावर चढून तिथले रॉकेलचे दिवे लावायचे, त्यांच्या वाती कातरायच्या आणि काचा पुसायच्या, हे त्याचं काम. तो गाडीपाशी आला, पण फळीवरच्या पेल्याला त्यानं हात लावला नाही. मागं जाऊन खोबणीतून मला काढलं आणि हात लांब करून धरलं. चंद्रभाननं पेल्याला किटलीचा स्पर्श होणार नाही अशा बेतानं वरून धार सोडली. आश्रुबा लांब उभा राहून चहा प्याला. मग नळावर जाऊन त्यानं मला स्वतःच धुतलं आणि परत खोबणीत ठेवलं.

मी सुन्न झालो. अरे, मी बाकीच्यांसारखाच, एकाच भट्टीतला, एकाच गवतातला! आणि तो माणूस? खालच्या मानलेल्या जातीत जन्मला, एवढ्यावरून त्याचा पेला वेगळा? आणि नवल ऐका, अख्ख्या गाडीवर सगळ्यात लख्ख पेला मीच असायचो. काचा पुसणाऱ्या लॅम्पमनच्या हातानं मी धुतला जायचो ना!

अठ्ठ्याहत्तर साली आश्रुबा बरेच दिवस आलाच नाही. मराठवाड्याच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, यावरून तेव्हा गावोगावी डोकी भडकली होती. आश्रुबा परत आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती. गावाकडचं घर गेलं, बायकोला पूर्णेला घेऊन आलो, एवढंच तो म्हणाला. चंद्रभाननं "लय वाईट झालं रं" म्हटलं आणि धार तेवढ्याच उंचीवरून सोडली. तेव्हा आपण फुटून जावं, असं मला मनापासून वाटलं.

अशी चौदा वर्षं गेली. मग एक दिवस आश्रुबा यायचा थांबला तो कायमचाच. थोड्याच दिवसांत चंद्रभानही थकून आपल्या गावी निघून गेला. आम्हा चाळीस जणांची पेटी समोरचे किराणा दुकानदार गुरुपाद यांनी घेतली. त्यांच्या आई, चन्नबसम्मा, यांनी पेटी उघडली, आमचे ठिपके बघितले आणि साप दिसल्यासारखा हात मागं घेतला. कपाळी विभूती, गळ्यात लिंग, ओठांवर सतत शिवाचं नाव. "हे दोन घरात नकोत," एवढंच त्या म्हणाल्या. आमची रवानगी परसातल्या कोनाड्यात झाली. माझ्यात गंजलेले खिळे भरले. खिळे, मित्रांनो! मी, ज्याच्यातून आरपार दिसायचं!

दोन वर्षांनी, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, दुकानाच्या पायरीखाली एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिचं नाव कडूबाई. तिला मेणबत्त्या हव्या होत्या, चाळीस, पण न पडणाऱ्या.

"न पडणारी मेणबत्ती कुठं असती का?" म्हणून गुरुपाद हसले.

कडूबाई हसली नाही. "आमच्या वस्तीतल्या बाया जाळाला भेत्यात. अठ्ठ्याहत्तरला गावाकडं आमची घरं जळली. जळली न्हाईत, जाळली. तवापासून सणालाबी बाया दारात दिवा ठिवीनात. विद्यापीठाला नाव लागंल त्या दिवशी सगळ्या दारांत दिवे लावायचे, असं म्या ठरवलंय. पण एक जरी कलंडला, एक जरी भडकला, तर त्या परत दाराबाहेर येणार न्हाईत."

गुरुपादांची बायको शांतम्मा आतून ऐकत होती. ती पुढं आली. "नाव कधी लागणार, मावशी?"

"ते मला काय ठावं? पंधरा वर्सं वाट पाहायलोत. म्हणून दिवे तयार पाहिजेत."

शांतम्माच्या डोक्यात एक गोष्ट आली. दुकानात वनस्पती तुपाचा एक चेपलेला डबा पडून होता. त्याच्यावर सोयाबीनचं चित्र होतं. थंडीत ते तूप घट्ट राहतं. त्यात थोडं पांढरं मेण वितळवायचं, पेल्यात ओतायचं आणि मधोमध वात उभी करायची. जड बुडाचा पेला कलंडत नाही. "मी करून बघते," ती म्हणाली. बघायला पेले कोणते? चांगले कशाला नासवायचे? आम्ही दोघे होतोच की. खिळे ओतून तिनं आम्हाला घासलं. तो ठिपका तिला कारखान्याची खूण वाटला. ती लग्न होऊन आली लातूरकडून, तिला बिचारीला काय माहीत!

आणि सुरू झाली वातींची परीक्षा. पहिल्यांदा तिनं माझ्यात देवापुढची फुलवात लावली. तूप वितळलं तशी ती माझ्या पोटात बुडून मेली. मग तिनं सरकी काढलेल्या कापसाच्या लांब वाती वळल्या. चन्नबसम्मांनी शिकवल्याप्रमाणे बोटं दुधात बुडवून वळल्या, कारण त्या घरात कोरड्या बोटांनी वात वळत नसत. वात देवाची, मग ती दुधाची. दिसायला सुरेख, ताठ, पांढऱ्याशुभ्र वाती! अर्धा तास जळायच्या, टोकाला काळा गोळा धरायच्या आणि विझायच्या. शांतम्मानं तूप बदललं, मेण कमीजास्त केलं. वात मात्र दुधाचीच. आठवडाभर माझ्यात वाती मरत होत्या आणि मी नुसता बघत होतो.

शेवटी चिडून तिनं वातीच्या स्टोव्हची जाड वात तोडली आणि माझ्या भावात, म्हणजे दुसऱ्या ठिपक्याच्या पेल्यात, उभी केली. वात पेटली. आधी वीतभर, मग हातभर ज्योत झाली. काळा धूर पत्र्याला लागला. माझा भाऊ तापून कुरकुरायला लागला. मी शेजारीच होतो, सगळं ऐकत होतो. तेवढ्यात चन्नबसम्मा धावत आल्या आणि त्यांनी तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतलं.

मित्रांनो, उकळत्या तुपावर पाणी कधी, कधी टाकू नका! भडका छताला जाऊन भिडला. माझ्या भावाच्या ठिकऱ्या उडाल्या. त्यातली एक माझ्या काठावर आदळली आणि माझी कपची गेली. शांतम्मानं परात पालथी घालून जाळ कोंडला, म्हणून घर वाचलं. तिच्या भुवया जळल्या होत्या. चन्नबसम्मा "शिवा, शिवा" म्हणत मटकन खाली बसल्या. माझा भाऊ, माझ्याबरोबर एकाच काडीनं ठिपका लागलेला, राखेत पडला होता. मला ओरडायचं होतं, पण काचेला आवाज फुटतानाच येतो.

बाजाराच्या दिवशी कडूबाई आली आणि परसदारी उंबऱ्याबाहेर बसली. शांतम्मानं खाली मान घालून सांगितलं, "मावशी, मला जमत नाही. एक तर विझतात, नाहीतर भडकतात. एक पेला फुटला. तुमच्या दारात असं काही झालं तर..."

कडूबाईचा चेहरा एकदम उतरला. क्षणभर ती उठून जाणार असं मला वाटलं. पण तिनं पडलेली एक वात उचलली, चिमटीत मोडली आणि हुंगली. "हिला दूध लावलंय?"

"हो, वळताना. आमच्यात तशीच वळतात."

"म्हणून मरायलीय बिचारी! वाळलेल्या दुधानं तिचं तोंड बंद झालंय. वात म्हंजी काय, तेल वर वढणारी नळी. आमचे मालक लॅम्पमन होते, म्या त्यांच्यासंगं शंभरदा वाती पाहिल्यात." तिनं पुड्या बांधायचा सुती दोरा मागितला. गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून तीन वेण्या घातल्या: एक दोन पेडांची, एक तीन, एक पाच. वितळलेल्या मेणातून काढून सरळ केल्या. बुडाला पत्र्याची टिकली लावली. वरचं टोक माझ्या काठावर ठेवलेल्या काडीला बांधलं, म्हणजे ओतताना वात मधोमध राहील.

"आता घाई न्हाई. एकेक पाहू."

दोन पेडांची वात मधलंच तूप वितळवून खड्डा करून बसली. पाच पेडांची धूर ओकायला लागली. कडूबाईनं ज्योतीवर उंच पांढरा कागद धरला, त्यावर काळं आलं. "ही नगं." मग तीन पेडांची लावली, टोक नखाएवढं कातरून. तासाभरात वितळलेलं तूप माझ्या काचेपर्यंत सगळीकडे सारखं पोचलं. कागद पांढराच राहिला. ज्योत अशी शांत, की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. संध्याकाळपर्यंत ती हलली नाही.

"आता काच किती तापली ते पाहायचं," म्हणत कडूबाईनं मला तळव्यात धरलं. फिरवलं. तिचं बोट ठिपक्यावर आलं आणि तिथंच थांबलं.

"वयनी, ह्यो पेला चंद्रभानच्या गाडीवरचा का?"

"हो. का?"

"आमचे मालक यातच च्या प्यायचे. चौदा वर्सं. घरी येऊन म्हणायचे, माझा ठिपक्याचा पेला गाडीवर सगळ्यात सोच्छ हाय."

ती आश्रुबाची बायको होती. माझ्या बुडापासून काठापर्यंत झिणझिण्या आल्या. शांतम्माला आधी काही कळलंच नाही. मग तिनं ठिपका बघितला, कोनाडा बघितला, उंबऱ्याबाहेर बसलेली कडूबाई बघितली. ती वळली. "आत्याबाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

चन्नबसम्मा विभूतीची गोळी हातात धरून दारात उभ्या होत्या. "सगळ्यालाच ठावं होतं गं," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या अख्ख्या आयुष्यात मला या चार शब्दांइतका धक्का कशानंच बसला नाही. भडक्यानंही नाही.

ज्योत विझवून शांतम्मानं उरलेलं तूप काढलं, मला राखेनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं. मग चहा ठेवला. कडूबाईला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि स्वतःच्या स्टीलच्या कपात तिला चहा दिला. स्वतःचा चहा तिनं माझ्यात ओतून घेतला. ओठ भाजेल इतका गरम होता, तरी ती प्याली. माझ्या काठाची कपची उडाली होती, तेवढी जागा जपून टाळत. ठिपका लागल्यापासून माझ्यातून चहा पिऊन कुणी घरातच बसून राहिलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

मग सगळे पेले भरायला घेतले. पण भाऊ गेल्यानं एकोणचाळीसच होते. शांतम्मा कुठं एखादं भांडं मिळतं का बघत होती, तेवढ्यात चन्नबसम्मा उठल्या. रोज ज्यातून त्या पाणी पीत, ते पितळी फुलपात्र त्यांनी आणलं आणि आमच्या ओळीत ठेवलं. कुणाकडे न बघता म्हणाल्या, "ह्याच्यातबी वत. वेणी मात्र मी घालते. दूध न लावता."

संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर विद्यापीठाला नाव लागल्याची बातमी आली. कडूबाई धावत वस्तीत फिरली. दिवेलागणीच्या वेळी बायांनी चाळीस दारांत आम्हाला ठेवलं आणि वाती कातरून पेटवलं. सुरुवातीला त्या दाराआड उभ्या होत्या. तास गेला, दोन गेले. कुणी कलंडलं नाही, कुणी भडकलं नाही. मग एकेक बाई बाहेर आली आणि उंबऱ्यावर दिव्याशेजारी बसली. मी कडूबाईच्या दारात होतो. आश्रुबाचा फोटो तिनं माझ्यामागं टेकवून ठेवला होता.

आता मी तिच्याच घरात आहे. तूप संपलं की पुन्हा भरतात, वात नवी घालतात. तिची नात परवा नखानं माझा ठिपका खरवडायला लागली, तर कडूबाईनं तिचा हात धरला.

मित्रांनो, दिवा लावाल तेव्हा वात पारखून घ्या, टोक कातरा, आणि जळता दिवा सोडून कुठं जाऊ नका. काचेची काळजी घ्या, ती मुकी असते. पण तुमच्या घरात, कोनाड्यात, खिळ्यांखाली माझ्यासारखा एखादा ठिपक्याचा पेला सापडला, तर त्याचा ठिपका पुसू नका. तो कुणी लावला, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. ते लगेच सांगणार नाहीत. पण त्यांना ठाऊक असेल.