चंपतची दमणी, माझी मेढ

चंपतला शेजाराची रीत कळत नव्हती, हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. दुसऱ्याच्या दारापुढे कोणी आपल्या गाड्या आणून उभ्या करतं का? त्याही एक नाही, दोन. एक माल वाहायची बंडी आणि एक बायामाणसांनी बसून जायची टपाची दमणी. बैल एकही नाही. अकरा महिने त्या दोघी माझ्या क्वार्टरसमोर जू टेकून पडल्या होत्या. नुसत्या पडल्या असत्या तरी मी एकवेळ गप्प बसले असते. पण दर रविवारी हा माणूस त्यांची चाकं काढायचा, आखाला वंगण लावायचा, टपावरची धूळ फडक्यानं झटकायचा. जसं काही उद्या पहाटे बैल जुंपून गावच गाठायचं आहे. आणि वंगणाचे काळे हात माझ्या ओट्याच्या कडेला पुसायचा. मी पाहते आहे हे दिसलं, की हसायचा.

"मावशी, आठ दिवसांत हलवतो."

"कोणते आठ दिवस रे? या जन्मातले का पुढच्या?"

"तुमी बोलता लय गोड, मावशी."

"मंग बस चाटत."

त्याचं क्वार्टर माझ्या शेजारचं. त्याच्या दारासमोर पाण्याचा नळ होता, सगळी गल्ली तिथं बादल्या लावायची. म्हणून त्याच्या गाड्या माझ्यापुढे. दोन ओळींत समोरासमोर क्वार्टरं, मध्ये लाल मुरमाचा रस्ता. नवीन होतं सगळं. शहराला अजून धड झाड नव्हतं. माझा शेषराव कारखान्यात लागला तेव्हा पहिली भट्टीही पेटली नव्हती. तुमसरकडचं घर बंद करून आम्ही इथं आलो, मी, शेषराव आणि धाकटी जया. पोरांचे वडील आधीच गेलेले. क्वार्टर मिळालं तेव्हा मी पहिल्या दिवशी दारापुढची माती सारवली, डब्यात तुळस लावली, म्हटलं, हे माझं अंगण.

चंपत साकोलीकडचा. बाप गेल्यावर थोरल्या दोघा भावांनी शेत ठेवलं आणि याच्या वाट्याला बैलजोडी, बंडी आणि दमणी दिली. याला तेव्हा ते पुष्कळ वाटलं. कारखान्याच्या रस्त्यांना मुरूम लागत होता. गाड्या घेऊन इकडे आला आणि दोन वर्षं मुरूम वाहिला. मग डंपर आले. एक डंपर एका फेरीत जेवढा मुरूम टाकायचा, तेवढ्याला चंपतचा दिवस जायचा. एक बैल उन्हाळ्यात मेला, दुसरा बायकोच्या माहेरी पाठवला. शेवटी हा कारखान्यात खलाशी, म्हणजे खाली दोर धरणारा मदतनीस झाला, माझ्या शेषरावच्याच टोळीत.

"विकून टाक ना बापा ती लाकडं," मी त्याला एकदा म्हटलं.

तो हसला नाही. "मावशी, माह्या बापाची वाटणी येवढीच हाये. हे गेलं तं गावात मी कोण?"

"मंग वाटणी आपल्या घरात घे. माह्या दारात कावून?"

पुढच्या रविवारी पुन्हा वंगण.

माघात जयाचं लग्न जमलं. मुलगा गोंदियाच्या रेल्वेवाल्यांचा. तारीख वैशाखातली. माझी जाऊ राधाबाई गावाहून आली आणि पाणी पिण्याआधी बोलली, "भागाबाई, लग्न आपल्या गावीच करा. इथं तुमाले अंगण कुठी हाये? मांडव का छपरावर टाकसान?"

मी म्हटलं, "माह्या पोरीचा मांडव माह्या दारात पडन. तुमी फक्त येऊन पाहा."

बोलून गेले. आणि माझ्या दारात होत्या चंपतच्या गाड्या.

मी शेषरावला म्हटलं, त्याला सांग. शेषराव ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आई, राहू दे."

"राहू दे? बहिणीचं लग्न हाये तुह्या!"

"मी वरती लोखंडावर असतो. खाली माह्या कमरेचा दोर चंपतच्या हातात असते. चाळीस फूट. त्याच्यासंग मी भांडण नाही करत."

चंपतनं मात्र आपणहून येऊन सांगितलं, "लग्नाच्या आदल्या दिवशी ढकलतो ना मावशी इकडं तिकडं. काळजी कावून करता?" इकडं तिकडं म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं. इकडे नळ, तिकडे नाली. आठ दिवसांचे अकरा महिने करणाऱ्या माणसाच्या भरवशावर मी मांडव टाकायचा?

मी दुसरीपर्यंत शिकले आहे. अक्षरं मोठी येतात, पण येतात. शेषरावला न सांगता मी पेन्सिलीनं अर्जी लिहिली आणि चालत क्वार्टर ऑफिसात गेले. तिथल्या बाबूनं ती दोनदा वाचली. मी बजावलं, माझं नाव कोणाला सांगायचं नाही.

तो म्हणाला, "नहीं बताएँगे, माताजी. आठ दिन में आदमी आएँगे. लाइन के बाहर जो भी सामान होगा, उठ जाएगा."

मी खूश होऊन घरी आले. लाइनीबाहेर काय, तर चंपतच्या गाड्या. माझ्या दारापुढचं माझं अंगणही लाइनीबाहेर असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही. आमच्या गावात दारापुढची जागा दारवाल्याची. ती कोणी मोजत नाही.

आठ दिवस गेले, कोणी आलं नाही. मेढीचा, म्हणजे मांडवाचा पहिला खांब रोवायचा मुहूर्त आला. लग्नाला चार दिवस होते. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत खड्डा खणला, मेढ उभी केली. पाच सुवासिनींनी हळदकुंकू लावलं, वर आंब्याची पानं आणि हळकुंड-सुपारीची पुरचुंडी बांधली. त्या पाचांत चंपतची बायको शकुबाई होती. हळद लावताना तिची पाठ दमणीला टेकली. जयाला म्हणाली, "मी याच दमणीत बसून सासरी आली होती. तुलेही बसवली असती, पण बैल कुठून आणू?"

मी दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ट्रक आला. चार मजूर, तोच बाबू, हातात फीत. त्यांनी क्वार्टरांच्या भिंतीपासून मोजून चुन्याची रेघ मारत आणली. कोणाचं सरपण उचललं, कोणाचं कोंबड्यांचं खुराडं. माझ्या दाराशी रेघ आली ती माझ्या ओट्याला घासून गेली. तुळशीचा डबा मी पळत जाऊन आत घेतला.

पहिल्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता. चंपत डबा हलवत गल्लीत शिरला आणि मजूर आपल्या गाड्यांना दोर लावताहेत हे त्यानं पाहिलं. ओरडला नाही. सरळ जाऊन दमणीच्या जुवावर बसला.

"पयले मले उचला."

बाबू भला माणूस होता. समजावून सांगत होता, "भाई, गोदाम में रखेंगे. बाहर जगह दिखाओ और ले जाओ."

"जगह होती तो यहाँ रखता क्या, साहब?"

"एक महीने बाद लकड़ी तोड़ देंगे. कायदा है. अब उठो."

चंपत उठेना. मजूर थांबले. गल्ली जमा झाली. तेवढ्यात एका मजुरानं रिकामा उभा राहण्यापेक्षा म्हणून मेढीला हात घातला. मेढ हलली. पानं थरथरली.

मी किंचाळले, "हात तोडीन! लग्नाची मेढ हाये ते! पोरीच्या लग्नाआधी मेढ उपटता का रे?"

बाबूनं रेघेकडे बोट दाखवलं. मेढ रेघेच्या दीड हात बाहेर होती. "माताजी, लाइन सबके लिए एक है. और दरख़्वास्त इसी गली से आई है."

त्यानं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. दिलेला शब्द पाळला त्यानं.

"कोण तो चुगलखोर?" चंपत जुवावरूनच गल्लीभर नजर फिरवत ओरडला. एकेकाच्या तोंडावर थांबून त्याची नजर माझ्यावरून सरळ पुढे गेली. माझ्यावर त्याला शंकाच आली नाही. जी बाई रोज तोंडावर बोलते, ती पाठीमागून लिहील असं कोणाला वाटणार?

मी मेढीभोवतीची माती पायानं दाबत राहिले.

चंपतनं मेढीकडे पाहिलं. ती हळद त्याच्या बायकोनं लावलेली होती. मग तो जुवावरून उतरला.

"साहब, मैं उठता हूँ. दोनों गाड़ी मैं खुद चढ़ा देता हूँ. ये मेढ़ चार दिन रहने दो. बेटी की शादी है."

बाबूनं फीत गुंडाळली. "चार दिन. पाँचवें दिन मैं खुद आऊँगा."

ट्रकला फळ्या लावल्या. चंपतनं आधी बंडी चढवली, मग दमणी. खांद्यानं रेटत होता. टप ट्रकच्या मागच्या दाराच्या लोखंडाला अडकला तर स्वतः हातानं मोकळा केला. अकरा महिन्यांच्या वंगणानं चाकं अशी सरसर फिरली, की मजुरांना फार जोर लावावाच लागला नाही. ट्रक गेला. चंपतचे हात काळे झाले होते. त्यानं माझ्या ओट्याकडे पाहिलं, आणि हात आपल्याच सदऱ्याला पुसले.

शेषराव लग्नाचा बाजार करून संध्याकाळी घरी आला. सगळं त्याला नळावरच कळलं होतं.

"आई, अर्जी कोणाची होती?"

"मले का माहीत!"

तो भाकर अर्धी टाकून उठला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला, वर चढला असेल, आणि खाली दोर चंपतच्याच हातात असेल. भोंगा होईपर्यंत मी चुलीपाशी बसून होते. वरण करपलं. चंपतला काही कळलं असेल अशी भीती मला नव्हती. त्याला काहीच कळलं नव्हतं, म्हणून तो माझ्या लेकाचा दोर रोजच्यासारखा घट्ट धरून उभा होता, हेच मला गिळता येत नव्हतं.

मांडवाचा दिवस आला. आमच्याकडे मांडवावर जांभळीच्या डहाळ्या पडतात आणि त्या बंडीतून वाजतगाजत येतात. राधाबाई ओट्यावर बसून होती. "बंडी कुठी हाये, भागाबाई? डहाळ्या का रेल्वेनं येनार?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हिरवं काही हलताना दिसलं. चंपत होता. नाल्याकाठची जांभळी तोडून त्यानं डोक्यावर एवढा मोठा भारा घेतला होता, की त्याचं तोंड दिसत नव्हतं. टाकला आणि परत गेला. दुसरा भारा आणला. पुन्हा गेला. वैशाखाचं ऊन, पायात वहाण नाही. तिसरा भारा टाकून तो घाम निपटत हसला.

"बंडी असती तं एका खेपेत झालं असतं, मावशी."

तो शिडीवर चढला, एक डहाळी वर घेतली आणि सहज बोलून गेला, "शकू म्हने, ज्यानं अर्जी देली त्याले शाप दे. म्या म्हटलं, राहू दे वं. लग्नाचं घर हाये बाजूले."

जया हळदीचं भांडं घेऊन दारात उभी होती. शेषराव मांडवाचा बांबू धरून होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला माहीत होतं. माझ्या पोटचा तो, त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार. सगळ्या गल्लीच्या बाया होत्या. जिच्यापुढे मी जन्मात मान खाली घातली नाही, ती राधाबाईही कान लावून बसली होती. मी ओट्यावरून उतरले आणि चुन्याच्या रेघेबाहेर, मेढीपाशी जाऊन उभी राहिले.

"चंपत, थांब. ते डहाळी हातातच ठेव अन् माह्यं ऐक. दुसऱ्याच्या दारात तू अकरा महिने गाड्या ठेवल्या, ते चूकच होतं. आजबी चूकच म्हणीन, उद्या पुन्हा आणून ठेवल्या तं पुन्हा बोलीन. पन तुह्या चुकीनं माह्यं काही गेलं नाही. अर्जी मी देली. ह्या हातानं लिवली, शेषरावले न सांगता. तुह्या बापाची वाटणी मी घालवली, अन् तू ते सोडली म्हणून माह्या पोरीची मेढ उभी हाये. तू वाईट शेजारी होता, चंपत. मी त्याच्याहून वाईट निघाली. आता ते डहाळी मांडवावर टाकाची का माह्या तोंडावर, ते तू ठरव. मी हात जोडनार नाही."