पाठीचा फोटो

घरात सगळे तिला थोरली म्हणत, आणि थोरलीला थकायची मुभा नव्हती. तशी बंदी कुणी घातली नव्हती म्हणा. पण या घरात दुखणं म्हणजे हातापायाचं, पोटाचं, पाठीचं. ‘काहीच करावंसं वाटत नाही’ हे दुखणं नव्हे, ते नखरे.

बारा वर्षं ती इस्पितळात एक्स-रे काढत होती. काचेआडून दिवसभर तेच : श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. महिन्यापूर्वी एका म्हाताऱ्या सुताराला तिनं श्वास धरायला सांगितला आणि ‘सोडा’ म्हणायचं राहूनच गेलं. ती नुसती काचेकडे बघत बसली. सुतार बिचारा सांगितलं तेवढं ऐकणारा. लालबुंद होईपर्यंत थांबला आणि मग खोकत खाली बसला. त्याला काही झालं नाही, पण थोरलीला दुसऱ्या दिवशी काचेआड उभं राहवेना.

खरं सांगायचा तिला धीर झाला नाही. “पाठ धरलीये,” ती घरी म्हणाली, आणि सगळं घर तिच्या दिमतीला लागलं. नवऱ्यानं कमरेचा पट्टा आणला. धाकट्या जावेनं स्वयंपाकघर अंगावर घेतलं. सासूबाई रोज तेल चोळायच्या. ती उशीत तोंड खुपसून रडायची, तर म्हणायच्या, “दुखतंय ना? रड हो.” दुखत तर होतंच. जागा तेवढी खोटी सांगितली होती.

महिना संपला. रजा वाढवायची तर पाठीचा फोटो हवा, असं इस्पितळानं कळवलं. थोरली आपल्याच खोलीत, आपल्याच टेबलावर आडवी झाली. फोटो बघितला आणि तिचं धाबं दणाणलं. मणके असे ओळीत, की शिकवायला घ्यावेत.

घरी नवऱ्यानं फोटोचं पाकीट नाचवलं. “काहीही झालेलं नाही. उगाच घाबरलो आपण. सोमवारपासून जा खुशाल.”

“मला नाही जमणार,” थोरली म्हणाली.

“का? काय होतंय?”

“काही होत नाहीये. नकोसं झालंय सगळं.”

त्यानं पाकीट खाली ठेवलं. “मग मला काय हौस आहे रोज जायची?” तो वाईट माणूस नव्हता. खरंच विचारत होता.

दुपारी सासूबाईंनी तिला खोलीत बोलावलं. दुपार ही त्यांच्या अर्धशिशीची वेळ. तीस वर्षं रोज तासभर ते दार बंद असायचं आणि बाहेर सगळे दबक्या आवाजात बोलायचे. थोरली बिचकत आत गेली. डोक्याला बांधायचा रुमाल उशाशी घडी करून ठेवलेला होता. सासूबाई खिडकीत बसून मजेत बाहेर बघत होत्या.

“पाठ सांगायची नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या. “पाठीचा फोटो निघतो.”

“आई, म्हणजे तुमचं डोकं…”

“एक दिवस बाजारातून आले आणि घरात पाऊलच टाकवेना. थकले म्हटलं असतं, तर कुणी दार लावू दिलं असतं?”

त्यांनी कपाटातून दुसरा रुमाल काढला आणि थोरलीच्या कपाळाला घट्ट बांधला. “माझी उजवी बाजू आहे. तू डावी सांग.”

थोरलीला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. “किती दिवस सांगू?”

सासूबाईंनी मनापासून विचार केला.

“माझं अजून चालूच आहे,” त्या म्हणाल्या, आणि उठून दाराला कडी घातली.