हळदीचं बोट

रसिकाने मापाची उंच पट्टी दाराच्या चौकटीला टेकवली, तसा विश्राम पुढे सरला.

"जपून हां. हळद निघेल."

चौकटीवर छातीच्या उंचीला एक पिवळा ठिपका होता. सव्वीस जुलैचं पाणी ओसरलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी, ते घरात जिथवर चढलं तिथे हळदीचं बोट लावून त्याला निरोप दिला होता. हे शालूचं बोट. ती गेल्यापासून दर दिवाळीला रंगकाम झालं की विश्राम त्याच जागी ताजी हळद लावी. त्या दिवशी तो स्वतः खोपटच्या एसटी डेपोत अडकलेला. पाणी त्याने पाहिलंच नव्हतं. त्याच्याजवळ होती ती बायकोची एवढी साक्ष.

आता गल्लीच्या तोंडाशी मेट्रोचं भुयारी स्टेशन व्हायचं होतं. पुराचं पाणी जिन्यावरून आत उतरू नये म्हणून दाराचा उंबरा किती वर घ्यायचा, ते ठरवायला इंजिनिअर रसिका जुन्या खुणा शोधत हिंडत होती. पुराची उंची आणि लग्नातली पंगत सांगताना माणूस हात आखडत नाही, हे तिला सकाळीच कळलं होतं. समोरच्या मारुतीने आधी माळ्यापर्यंत पाणी सांगितलं. भिंतीवरची खूण दाखवायची वेळ आली तेव्हा ते कमरेला उतरलं.

रसिकाने तिपाईवरच्या मोजणीच्या दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं. मारुतीच्या घरची खूण आणि गल्लीतल्या देवळाच्या भिंतीवरची खूण एका रेषेत येत होत्या. शालूचं बोट दीड वीत वर.

"एका गल्लीत पाणी दोन उंचींना थांबत नाही, काका. ही खूण सोडावी लागेल."

मारुती आपल्या ओट्यावरून हसला. "शालूवैनी आमटीतपण पाणी जास्तच घालायच्या."

नवं घर झाल्यापासून विश्राम हे ऐकत आला होता. ऐकून ऐकून त्यालाही वाटू लागलं होतं, असेल, शालूने चार बोटं वाढवलीही असतील. त्याने ठिपक्याकडे पाहिलं. मग खाली, आपल्या पायांकडे. तो पायरीवर उभा होता.

"चौकट जुनी आहे," तो सावकाश म्हणाला. "घर ती गेल्यावर पाडून बांधलं. चौकट तेवढी टाकवेना."

"आणि जोतं?"

"जोतं चढवलं. या दोन पायऱ्या तेव्हा नव्हत्या."

रसिका वाकली, पायऱ्यांना पट्टी लावली आणि तेवढी उंची वजा केली.

"जुळलं. सगळ्यांच्या रेषेत."

मारुतीला घरात चहा ठेवल्याची आठवण झाली.

रसिका पट्टी आवरू लागली. पाण्याच्या रेषेच्याही वर स्टेशनचा उंबरा घेणार, लोक आधी पायऱ्या चढतील आणि मग खाली उतरतील, असं ती सांगत होती. विश्राम मान डोलवत होता.

"मग तिचं बोट कुठल्या पायरीला येईल?"

रसिकाने मनाशी हिशेब केला. "वरून तिसरीला."

"तिथे जरा थांबता येईल?"

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"कठड्याच्या बाजूने थांबा, काका. वाटेत नको."

ती पुढच्या घराकडे गेली. विश्राम आपल्याच पायरीवर बसला. मध्ये नाही, भिंतीकडे सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.