वरच्या फळीवरचा साचा

नाव:
लिहून उपयोग नाही. दुकानात ते कुणी घेत नाही. सासरे म्हणतात सूनबाई, धाकटे दीर म्हणतात वहिनी, नवरा म्हणतो "अगं", आणि फोनवरची गिऱ्हाइकं म्हणतात, जरा आतल्या कुणाला तरी द्या.

व्यवसाय:
आमचं बुटांचं दुकान आहे, पण काचेच्या कपाटातल्या बुटांचं नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाच्या टाचेचं हाड वाढलेलं, कुणाचा घोटा अपघातानंतर वळेनासा झालेला, अशांचे बूट आम्ही मापं घेऊन करतो. गिऱ्हाइकाच्या पायांचा लाकडी साचा बनतो आणि मागच्या भिंतीवरच्या फळीवर जाऊन बसतो. त्या भिंतीकडे पाहिलं की वाटतं, अख्खं गाव वरून चालत येतंय.
सगळ्यात वरची फळी मात्र गिऱ्हाइकांची नाही. दुकानात जो कामाला लागेल त्याच्या पायांचा साचा बाबा, म्हणजे माझे सासरे, स्वतः घडवतात आणि तिथे ठेवतात. बाबांचा आहे, नवऱ्याचा आहे, भाऊजींचा आहे. चामडं कापणारा एक कारागीर केव्हाच दुसऱ्या गावी गेला, त्याचाही आहे, पुसून ठेवलेला.
माझा नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून फॉर्म मी भरते, फोन मी घेते, बूट उशिरा झाले की लोकांची समजूत मी काढते. पण कुणी विचारलं की घरात एकच उत्तर: ती मदत करते. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. मला त्या फळीवर जागा हवी होती. बाकी काही नको हो

(जागा संपली. वर्डच्या फॉर्मचं असंच असतं. राखाडी चौकोनात अक्षरं मोजून बसतात, वाक्य संपलंय की नाही हे चौकोन विचारत नाही.)

तक्रार कधीपासून:
भाऊजींनी कापणीचं नवं यंत्र घेतलं तेव्हापासून. यंत्राला मापं थेट डेटाबेसमधून लागतात. आमची मापं वर्डच्या फॉर्ममध्ये, दर गिऱ्हाइकाची एक फाइल. भाऊजींचं म्हणणं, बाहेरच्या कंपनीकडून करून घेऊ. मी म्हटलं, मी करते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवऱ्याने शिवणाच्या यंत्रावरून मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस असा शहाणा होतो.
बाबा चामड्याच्या रापीला धार लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "त्यातनं पहिला बूट बिनचूक निघू दे. मग वरच्या फळीवरचे साचे जरा सरकवू."
भाऊजी हसले. म्हणाले, मग काय, वहिनीच्या डाव्या हातचा मळ.

उपचार, पहिला:
वर्डला सांगता येतं की फॉर्ममधल्या फक्त चौकोनांतला मजकूर जतन कर. मग एका फॉर्मची एक ओळ बनते, दोन उत्तरांमध्ये एक स्वल्पविराम. अशा सगळ्या ओळी एकाखाली एक लावायच्या आणि डेटाबेसला द्यायच्या. सोपं आहे. कशात काय अन् फाटक्यात पाय.
लोक पत्ता सांगताना स्वल्पविराम वापरतात. "बेकरीच्या वर, दुसरा मजला" याचे दोन तुकडे झाले आणि पुढचं सगळं एकेक घर सरकलं. टाचेच्या उंचीत दुसरा मजला. वजनात कुणाचा तरी फोन नंबर. भाऊजींनी पडद्यावर वाकून ते वाचलं आणि म्हणाले, एवढ्या वजनाला बूट नको, पूल बांधायला हवा.
मी वर्डसाठी एक छोटा मॅक्रो लिहिला. तो फॉर्म उघडायचा, एकेक चौकोन उचलायचा आणि मध्ये उभी रेघ घालून ओळ लिहायचा. उभी रेघ कुणाच्या पत्त्यात नसते. ओळी सरळ आल्या. मी त्या पुन्हापुन्हा फॉर्मशी ताडून पाहिल्या. एकही अक्षर हललं नव्हतं.

डावा पाय:
पहिला बूट बँडमास्तरांचा. गावातल्या वाद्यवृंदापुढे चालणारा माणूस, एक पाय आखूड, त्या बुटाचा तळ जाड लागतो. यंत्राने कापलं, नवऱ्याने शिवलं, मास्तर घालून उभे राहिले आणि एका बाजूला असे कलले की भाऊजींनी धावत जाऊन खांदा धरला.
जाड तळ नेमका लांब पायाला आला होता.
मास्तर भले माणूस. म्हणाले, आता मी गोल गोल चालणार आणि बँड माझ्या मागे. सगळे हसले. मी हसले नाही. वरच्या फळीकडेही पाहिलं नाही.

उजवा पाय:
मी मूळ फॉर्म काढला. तिथेही आखूड पाय डावाच. म्हणजे मी जसंच्या तसं उतरवलं होतं. पण ते मी टाइप केलेलं, बाबांनी सांगितलेलं. आणि बाबांनी मास्तरांचे बूट आजवर कितीतरी वेळा केले, एकदाही चुकले नाहीत. भाऊजी म्हणाले, सांगताना बाबांचीच चूक झाली असेल. बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वजनकाटा पुसायला लागले.
माझं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे, प्लग तिथे आहे म्हणून. मागे माप घेणारा, बाबा किंवा भाऊजी, मोठ्याने सांगतो, मी टाइप करते. माप घेताना मी कधी कुणाला पाहिलंच नव्हतं. मी खुर्ची वळवली.
"बाबा, मास्तरांचं माप परत घ्याल? नेहमी घेता तसं."
बाबा त्यांच्या बुटक्या स्टुलावर बसले, मास्तरांच्या समोर. टेप काढली. आपल्या डाव्या हाताच्या बाजूचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले, "डावा."
तो मास्तरांचा उजवा होता.
मास्तरांनी वाकून आपल्याच पायाकडे पाहिलं. मग नवऱ्याला हसू फुटलं, इतकं की त्याने सुई बाजूला ठेवली. भाऊजी माप घेताना गिऱ्हाइकाला काट्यावर उभं करून त्याच्या मागे उकिडवे बसतात. त्यांचा डावा तो गिऱ्हाइकाचा डावा. बाबा आपली मापं वाचून आपले बूट करत, भाऊजी आपले. दोघेही बरोबर, फक्त आमनेसामने. यंत्र आलं आणि पहिल्यांदाच दोघांचं एकाने वाचलं.
"म्हणजे मी चुकीचं सांगत होतो?" बाबांनी विचारलं.
मी म्हटलं, "नाही बाबा. तुम्ही तुमच्या जागेवरून सांगत होता."
त्यांनी टेप गुंडाळली. ती गुंडाळून झाल्यावर परत उलगडून परत गुंडाळली.

वजन:
आता कुणाचं माप कुणी घेतलं? फॉर्ममध्ये तो चौकोनच नाही, आणि टाइप सगळं मीच केलेलं. भाऊजी हताश. म्हणाले, बोलवा सगळ्या गावाला. मी रकाने वरखाली करत होते. वजनाचा रकाना कुठे भरलेला, कुठे रिकामा. काटा भाऊजींचा, आणि बाबांना काट्याचं वावडं, माणूस काय बटाटे आहे का म्हणतात. वजन रिकामं म्हणजे बाबा.
डेटाबेसला एकच हुकूम: वजन रिकामं असेल तिथे डावं-उजवं बदल. दोन पेल्यांतलं दूध अदलाबदल करायचं तर तिसरा रिकामा पेला लागतो, म्हणून मी एक तात्पुरता रकाना केला. मग नवरा भिंतीवरचे साचे एकेक काढून मापत गेला आणि मी पडद्यावर पाहत गेले. जुळलं, जुळलं, जुळलं.
एक नाही जुळलं. बेकरीवाल्या बाई. वजन रिकामं, पण माप भाऊजींचं. भाऊजींचे कान लाल झाले. काट्यावर चढायला सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, तुमचं काम पायाशी, तिथेच बघा.
त्यांचं मी हाताने सरळ केलं.

शेरा:
मास्तर नव्या बुटात दुकानभर चालले, सरळ. गरज नसताना पायरीही चढून दाखवली. बाबांनी ते पाहिलं आणि वरच्या फळीवरचे साचे थोडे थोडे डावीकडे सरकवले. त्यांच्या डावीकडे.
मग स्टुलावर बसले.
"ये, सूनबाई."
मी टेबल आता फिरवून घेतलंय, लांब वायर लावून. एका हाताने नवा फॉर्म उघडला, डेटाबेसमधला, आणि पाय त्यांच्या मांडीवर ठेवताना संकोचले. सासऱ्यांच्या मांडीवर पाय. ते म्हणाले, इथे तो पाय नसतो, माप असतं.
टेप गार होती.
"डावा," बाबा म्हणाले.
माझी बोटं कीबोर्डवर थांबली. "कोणाचा डावा, बाबा?"
त्यांनी वर पाहिलं. मिशीत हसले.
"तुझा," ते म्हणाले. "आणि नावाच्या रकान्यात सूनबाई लिहू नकोस."