लाल थेंबाखालचा स्क्रू

“पेचकस खाली ठेव, आई. बाबांनी लावलेलं सील आहे ते.”

“आणि लालबुंद झालेले हे व्हॉल्व्ह कोणी लावले? तूच ना?”

मायलेकींची जुंपली आहे ती माझ्यावरून. मी बोलतोय, या टेबलावरचा व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर. आत्ताच घाईघाईनं माझं बटण बंद केलंय. अंग अजून चटचटतंय, पण मलाही थोडं बोलू द्या.

माझा जन्म याच टेबलावर झाला. या लेकीचे बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. गल्ली त्यांना रेडिओकाका म्हणे. मोडीतला ट्रान्सफॉर्मर, पत्रा, दुकानात उरलेल्या तारा, यांतून त्यांनी मला उभं केलं. जेवायचं टेबल अडवलं म्हणून आईनं त्यांना चार शब्द सुनावले, आणि मग भोकं पाडताना पत्रा धरून तीच बसली. कळ दाबताच बोंबलणारा डबा मी नव्हे. आधी तापणार, मग बोलणार. ज्याला दम नाही त्यानं माझ्या वाटेला जाऊ नये.

माझ्या दोन मोठ्या व्हॉल्व्हना सतत एक उणा व्होल्टेज लागतो. त्याला बायस म्हणतात. बैलाची वेसणच ती. फार आवळली तर हळू सूर खरखरीत होतात, तुटतात. सैल सोडली तर व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतात आणि आतली प्लेट लाल होते. ही वेसण एका स्क्रूनं लावायची. काका मला तापू देत, मीटर बघत, स्क्रू केसभर फिरवत, थांबत, पुन्हा बघत. जेवण निवून गेलं तरी उठत नसत. मनासारखं झालं की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा एक थेंब, हलू नये म्हणून.

पुढे व्हॉल्व्ह म्हातारे झाले, कमी करंट ओढू लागले. मग काका थेंब खरवडत, वेसण जराशी सैल करत, नवा थेंब लावत. तेही थकत चालले होते. शेवटचा थेंब त्यांना नीट बसवता आला नाही. पाहा, ओघळलाय तो. नंतर ते गेले, आणि मी कपाटात गेलो.

आई अधूनमधून माझ्यावर फडकं मारायची, बटणाला मात्र बोट लावत नसे. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. ज्याच्यावाचून जीव तुटतो, त्यालाच झाकून ठेवतात. मला गाणं हवं होतं. ते अंगातून जाताना पत्र्याला येणारी ऊब हवी होती. आणि स्क्रू फिरवता फिरवता मध्येच थबकणारा तो हात.

आज लेक नवे व्हॉल्व्ह घेऊन आली. आईला बाबांचं आवडतं गाणं ऐकवायचं होतं. स्क्रूला तिनं हात लावला नाही. बाबांनी लावलंय म्हणजे बरोबरच असणार. थकलेल्या जोडीसाठी सैल सोडलेली वेसण, आणि तिला जुंपले दोन तरणे खोंड. पहिली ओळ संपायच्या आत प्लेटा रसरसल्या.

“थेंब फोडला तर बाबांचं काय उरलं यात?” लेकीनं स्क्रूवर तळहात आडवा धरलाय.

“अगं, ते स्वतः कितीदा फोडायचे. जुन्या जोडीचं माप नव्या जोडीला कसं बसेल? शाळेतला फ्रॉक घालतेस का अजून?”

“तेव्हा परत लावायला ते होते.”

एवढी तिखट बाई, पण तिनं पेचकस खाली ठेवला. चष्मा काढून ती पुसत राहिली. मला वाटलं, निघालो परत कपाटात. बायांनो, फोडा तो थेंब. बिघडलो तर बिघडलो, पण मला वाजवा.

आईनं चष्मा चढवला, पेचकस उचलला. लेकीनं हात बाजूला घेतला, कारण आई एवढंच म्हणाली होती, “तुला बघवत नसेल तर तिकडे तोंड कर, पण मला त्यांचं गाणं एकदा धड ऐकू दे.”