बाबांचा टकटक्या

मी एक माउस बोलतोय. बिनवायरचा, करड्या रंगाचा आणि दुकानातला सगळ्यांत स्वस्त. स्वस्त आहे हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला हातात घेणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच बोलतो.

मला आणलं या घरातल्या मुलीने. मी तिला ताई म्हणतो. ती घरी बसून पुस्तकांची पानं मांडायचं काम करते. खोक्यातून काढून तिने माझ्या पोटात सेल घातला आणि मला टेबलावर ठेवलं. शेजारीच तिचा नेहमीचा माउस बसला होता. काळाभोर, भारदस्त, अंगठा टेकायला बाजूला खळगा. कितीही दाबा, हूं नाही की चूं नाही. ताईच्या तळव्याने त्याच्या पाठीला चकाकी आली होती. ती चकाकी पाहिली आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय.

पुढचे काही दिवस ताईने त्याला बाजूला ठेवून मलाच वापरलं. काचेवर माझी नजर ठरत नाही, तिथे बाण भरकटला. पण चादरीवर, मांडीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर मी नेटाने चाललो. मला वाटलं, एवढं पारखतेय म्हणजे ठेवून घेणार. काळ्याकडे बघून मी मनात म्हणालो, भरले तुझे दिवस.

मग तिने भावाला फोन केला. म्हणाली, "रोजच्या वापराला ठीक आहे. हलका आहे. टकटक फार करतो, पण बाबांना चालेल."

म्हणजे मी तिच्यासाठी नव्हतोच.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला होता, पण बाबा तो पलंगाखाली ढकलून द्यायचे. म्हणून ताईने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ लावला आणि त्यांचा हात उचलून माझ्यावर ठेवला. गार, जड हात. समोर काळ्यावर ताईची बोटं भराभर फिरत होती. मी जळत होतो.

पहिला पत्ता जागेवर नेईपर्यंत बाबांचा चहा निवला. दुसरा नेताना ते चिडले आणि मला भिरकावून दिलं. माझ्या पोटाचं झाकण फुटलं. ताईने चिकटपट्टी लावली, रागावली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःच मला मागून घेतलं.

डाव जमू लागले तसं ताईला वाटलं, बाबांना चांगली वस्तू द्यावी. तिने मला उचललं आणि त्यांच्या हाताखाली काळ्याला सरकवलं. म्हणजे हाही हात त्याचाच! बाबांनी दाबलं. परत दाबलं. पत्ते भलतीकडेच जाऊन पडले.

"हा मुका आहे," बाबा म्हणाले. "बोटाला कळतच नाही गं, दाबलं की नाही ते. तो टकटक्या आण. तो सांगतो तरी."

बोटांना काही कळत नाही, हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ताई मला घेऊन आली आणि बराच वेळ त्यांचा हात चोळत बसली. मी काळ्याकडे पाहिलं. तो तसाच, मुका.

त्यानंतरचे दिवस माझे होते. बाबा माझ्याशी बोलायचे. डाव फसला की मलाच दोष द्यायचे, जिंकला की माझ्या पाठीवर थाप मारायचे. हळूहळू त्यांच्या तळव्याला ऊब आली. एकदा त्यांनी शर्टाचं बटण स्वतः लावलं आणि ताईला हाक मारून दाखवलं.

परवा दुपारी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आपल्या दुकानाची पाटी घेऊन आल्या. अक्षरं पार विटली होती. बाबा म्हणाले, आता माझ्याच्याने होणार नाही. बाईंनी पाटी भिंतीला टेकवली, घाई नाही म्हणाल्या आणि निघून गेल्या. बाबा डाव अर्धा सोडून पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी ताईला ब्रश शोधायला लावला.

काळ्याचा हेवा वाटणं मी समजू शकतो, तो महागाचा आहे. पण ब्रश म्हणजे काय? एक काडी नि चार केस. त्याला मात्र बाबांनी तीन बोटांत असं धरलं, जसं मला कधीच धरलं नव्हतं. पहिली रेघ थरथरली. त्यांनी ती पुसून पुन्हा ओढली. ताई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

तेव्हापासून मी असाच चालू पडलोय. जाता-येता कोणीतरी माझं खालचं बटण तेवढं बंद करा, सेल उगाच जळतोय. थोडा शिल्लक राहू द्या. बाबांचा हात पुन्हा कधी अडलाच, तर...

नाही. असं मनातसुद्धा आणू नये. बंद करा मला.